कॅमेरा कुठे वळला

रतिलालच्या घरी टीव्ही बघायला बसणं ही एक शिक्षाच आहे. बातम्यांत कुणी मोठा माणूस झाड लावताना दिसतो, टाळ्या पडतात आणि चित्र त्याच्या चेहऱ्यावरून अलगद आभाळाकडे जातं. लगेच रतिलाल हातातला कप खाली ठेवतो. "आते वर कसाले गया? खाले खड्डा खंदेलच नही व्हई." तेलाच्या जाहिरातीत पुरी टम्म फुगली, की मधला तुकडा कापला आहे असं तो छातीठोकपणे सांगतो. त्याची बायको कुंदाबाई अशा वेळी सुपारी कातरता कातरता विचारते, "तुमी टीव्ही दखतस का पंचनामा करतस?" यावर रतिलालचं उत्तर ठरलेलं आहे. माणूस काय बोलतो ते ऐकू नये, कॅमेरा कुठे वळला ते बघावं.

हे शहाणपण त्याला फुकट मिळालेलं नाही. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ आहे आणि लग्नाची शूटिंग करण्यात त्याची उभी हयात गेली आहे. आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी टोपी-टॉवेलाचा सोहळा असतो. माईकवरून एकेका पाहुण्याचं नाव पुकारतात, त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतात, हातात टॉवेल-नारळ देतात, आणि तो पाहुणा देणाऱ्याकडे न बघता थेट कॅमेऱ्याकडे बघतो. तिथे शूटिंगवाल्याने थांबायचं असतं. कॅमेरा एखाद्यावरून नुसता सरकत गेला, तर तो माणूस पुढची सगळी लग्नं त्या घरावर रुसून काढतो. ऊन तापलेलं, मुहूर्त टळून गेलेला, भटजी घड्याळ दाखवतोय, तरी रतिलालचा कॅमेरा प्रत्येक टोपीपुढे थांबून श्वास घेऊन पुढे जात असे. लोक म्हणत, रतिलालभाऊच्या कॅसेटमध्ये कुणाचा मान जात नाही.

थांबणं जसं त्याला येत होतं, तसं वळणंही. दोंडाईच्याला चिंधाआबांच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाच्या फुवांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, नाव पुकारायचं राहून गेलं. फुवा ताडकन उठले, डोक्यावरची स्वतःची टोपी काढून त्यांनी मांडवात भिरकावली आणि दोन्हीकडची माणसं बाह्या सरसावून उभी राहिली. चिंधाआबांनी घाबऱ्या डोळ्यांनी फक्त एकदा रतिलालकडे पाहिलं. रतिलालने कॅमेरा वर नेला. पुढे भांडण आधी कुणी काढलं याचा निकाल लावायला दोन्ही घरचे कॅसेट घेऊन बसले, तर तिच्यात वाऱ्यावर हलणारी मांडवाची झालर होती आणि नुसता गलका. निकाल लागेना, तसं भांडण विझलं. चिंधाआबा मुद्दाम धुळ्याला आले आणि रतिलालचे दोन्ही हात धरून म्हणाले, "भाऊ, तुमी मनी इज्जत सांभाळी."

सांभाळणं हा शब्द तेव्हापासून रतिलालच्या जिभेवर बसला. पण त्याच दिवसापासून त्याच्या मनात पालही चुकचुकू लागली. मी वळवतो, तर दुसरे का वळवणार नाहीत? ज्याने स्वतः झाकलं आहे, त्याला जगात जागोजागी पांघरुणंच दिसतात. दूधवाला पातेल्यात दूध ओतताना पाठ करून का उभा राहतो, डॉक्टर रिपोर्ट वाचताना चष्मा का काढतो, मेहुण्याने फोनवर दाखवलेल्या नव्या घरात स्वयंपाकघर का आलं नाही, असले प्रश्न त्याला दिवसभर पुरत. सगळ्यांवर संशय घेत असे तो. एक सोडून. त्याची मुलगी दिपमाला.

दिपमाला जळगावच्या विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय केळ्याचा. केळं पिकताना ते मऊ करणारं एक प्रथिन असतं. त्याचे स्फटिक करायचे, ते क्ष-किरणांखाली धरायचे आणि त्यावरून प्रथिनातला कुठला अणू कुठे आहे याचा नकाशा काढायचा, असं तिचं काम. घराण्यात याआधी केळ्याचा संबंध उपासापुरता होता. कुंदाबाई शेजारणींना लेकीबद्दल सांगे, "मनी आंडेर केळाना आत काय शे ते दखी ऱ्हायनी." शेजारणी म्हणत, आत केळंच असणार. पण गल्लीतली पहिली डॉक्टर ती, सुई न टोचणारी का असेना, होणार म्हणून सगळ्यांना कौतुक होतं.

प्रबंध लिहून झाला. बाहेरगावच्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा ठरली. तिचे मार्गदर्शक ज्ञानेश्वर सर म्हणाले, मॉडेलची एक छोटी ॲनिमेशन फिल्म दाखव, शब्दांपेक्षा लवकर कळेल. दिपमालाने संगणकावर मॉडेल उभं केलं, पण फिल्म काही जमेना. चित्र हिसके देई, मॉडेल चौकटीबाहेर पळे. कधी कॅमेरा इतका पुढे घुसे, की समोरचे अणू कापल्यासारखे नाहीसे होत आणि मधोमध भगदाड दिसे. सुट्टीला धुळ्याला आली तेव्हा ती कंटाळून म्हणाली, "नाना, तुम्हीच बघा ना. कॅमेरा तुमचा प्रांत."

रतिलालची छाती फुगली. लग्नपत्रिकेतली फिरती अक्षरं आणि उडणारे गणपती करता करता संगणक तो शिकलेलाच होता. मॉडेल पाहिल्यावर त्याने आधी एक नियम घालून दिला. मॉडेल जागचं हलणार नाही, कॅमेरा त्याच्याभोवती चालेल. "नवरीले कोनी गरगर फिरावतं का? आपण फिरतस." दिपमालाने त्याला रीत दाखवली. कॅमेऱ्याचे थांबे आपण पक्के करायचे, दोन थांब्यांमधली वाट संगणक स्वतः काढतो. मात्र तो जवळची वाट धरतो, म्हणजे कधी थेट मॉडेलच्या पोटातून. तसं नको असेल तर मध्ये एक थांबा घालून त्याला बाहेरून न्यायचं. निघताना सावकाश, पोचताना सावकाश, मधे वेग. रतिलालला यात नवं काही नव्हतं. वरातीपुढे उलटं चालत त्याने हेच केलं होतं.

पहिली फिल्म त्याने मोठ्या हौसेने दाखवली. कॅमेरा प्रथिनाच्या माळेच्या एका टोकाला उभा राहिला, पहिल्या कडीपुढे थांबला, श्वास घेतला, दुसरीपुढे थांबला, श्वास घेतला. दिपमाला बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "नाना, हे किती वेळ चालणार?"

"बठ्ठास्ना मान राखना पडी."

सगळ्यांचा मान राखायचा म्हणे! दिपमाला हसून हसून खाटेवर आडवी झाली. तिने सांगितलं, की या माळेत शेकडो कड्या आहेत आणि रुसणारी त्यात एकही नाही. फक्त तीन ठिकाणी थांबायचं. आधी सगळं मॉडेल लांबून, मग मधली खोबण, आणि शेवटी खोबणीच्या तोंडाशी. रतिलालने थांबे काढून टाकले, पण नाखुशीने, आणि टोकाच्या कडीपुढे एक बारीकसा थांबा चोरून ठेवलाच.

खोबणीच्या तोंडाशी कॅमेरा नेताना त्याला ती दिसली. तुटक रेघ. सगळं मॉडेल भरीव, गुबगुबीत फितीसारखं, आणि नेमकी तिथे फीत संपलेली. थोडं अंतर सोडून ती पुन्हा सुरू होत होती आणि मधल्या जागेत बारीक बारीक तुकड्यांची रेघ ओढलेली. रतिलालच्या कपाळाची शीर उडाली.

"आठे काय शे?"

"तो भाग दिसला नाही, नाना. म्हणून तुटक रेघ. अशीच दाखवतात."

"दिसला नही का दपाडा?"

लपवला का, हा प्रश्न ती थट्टाच समजली. "दिसलाच नाही हो. तेच तर सांगायचंय मला," असं म्हणत ती फोन घ्यायला गेली, आणि परत आली तेव्हा बोलणं दुसरीकडे गेलं होतं. तिच्या मते उत्तर दिलं होतं. रतिलालच्या मते मुलगी उठून गेली होती. आणि बोलताना उठून जाणारी माणसं त्याने उभ्या आयुष्यात कमी पाहिली नव्हती.

ती जळगावला परतली आणि इकडे त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. दिसला नाही म्हणजे काय? सगळं दिसलं आणि एवढंच नेमकं दिसलं नाही? काम अर्धवट राहिलं असेल. नाहीतर ज्ञानेश्वर सरांनी घाई केली असेल, रेघ मारून दे म्हणाले असतील. "अशीच दाखवतात" हे तर त्याने लग्नात रुखवतावर मागून आणलेली भांडी मांडणाऱ्यांकडूनही ऐकलं होतं. पोरगी वाईट नाही, पण अडली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. इतकी वर्षं जिच्यावर संशय घेतला नव्हता, तिच्यावर तो घेतला गेला, आणि त्यालाच त्याचं इतकं वाईट वाटलं की दोन घास कमी गेले. कुंदाबाईने कारण विचारलं, तर म्हणाला पित्त झालंय.

आता बापाने काय करावं? दुसरा असता तर त्याने मुलीला फोन करून खडसावून विचारलं असतं. रतिलालने चिंधाआबांच्या मांडवात केलं तेच केलं. दिपमालाने फिल्म पाहून, सरांना दाखवून पक्की केली होती आणि मोठ्या पडद्यासाठीची प्रत परीक्षेला येताना आणायला सांगितली होती. त्याने तीच उघडली आणि खोबणीच्या तोंडाशी असलेला शेवटचा थांबा काढून त्या जागी मागच्या बाजूचा एक थांबा घुसवला. आता कॅमेरा खोबणीकडे येई, तोंडाशी पोचता पोचता डौलाने वळे, मागच्या बाजूने फेरी मारी आणि तुटक रेघ पलीकडे टाकून पुन्हा लांब जाई. इतकी सुरेख फेरी त्याने कुठल्या लग्नातही घेतली नव्हती. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही, असं म्हणत त्याने ती पेनड्राइव्हवर घेतली आणि खिशात टाकली.

परीक्षेच्या दिवशी धुळ्याहून दोघं नवराबायको पेढे, दोन शाली आणि दोन नारळ घेऊन जळगावला पोचली. परीक्षकांना रिकाम्या हाती पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही. दिपमाला दारातच भेटली. तिने पेनड्राइव्ह घेतला आणि सरळ आत जाऊन संगणकाला लावला. आधी एकदा चालवून बघ, असं ज्ञानेश्वर सर म्हणाले, तर ती म्हणाली, "नानांनी केलंय सर." हे रतिलालने ऐकलं. तो पिशवी घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसला.

परीक्षक लांबचे होते, वयस्कर, पांढऱ्या मिशांचे. सुरुवातीला ते मान डोलवत ऐकत होते. फिल्म सुरू झाली, कॅमेरा लांबून आला, टोकाच्या कडीपुढे क्षणभर थांबला, खोबणीत उतरला. दिपमाला म्हणाली, "आणि आता खोबणीच्या तोंडाशी आपल्याला दिसेल..." कॅमेरा वळला आणि मागून निघून गेला. दिपमालाचं वाक्य तसंच राहिलं.

"थांबवा," परीक्षक म्हणाले. "जरा मागे घ्या. आता पुन्हा चालवा." त्यांनी तो तुकडा दोनदा पाहिला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नेमका इथेच कॅमेरा मागे का जातो? समोर काय आहे?"

दिपमालाने पडद्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेत बापाकडे. रतिलाल वर पंख्याकडे बघत होता.

तिला कळलं. ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "सर, चूक माझी आहे. फिल्म मी शेवटी तपासली नाही." तिने फिल्म बंद केली, मूळ मॉडेल उघडलं आणि हाताने फिरवून तुटक रेघ मोठी करून सगळ्यांपुढे आणली. म्हणाली, या खोबणीवर एक झाकण आहे. ते उघडतं, मिटतं, सतत हलतं, म्हणून क्ष-किरणांच्या नकाशात सापडत नाही. ते न सापडणं हाच माझ्या कामाचा गाभा आहे. बाकी सगळं मॉडेल स्थिर आहे, हलतो तो एवढाच भाग, आणि याच्याच हलण्यावर केळं कधी मऊ होणार हे ठरतं.

जे झाकायला म्हणून रतिलालने इतकी सुंदर फेरी घेतली, तेच तर दाखवायला त्याची मुलगी तिथे उभी होती.

उत्तर चांगलं होतं, पण परीक्षकांच्या मनात आता पाल चुकचुकली होती, आणि ती कशी चुकचुकते हे त्या खोलीत रतिलालइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी मूळ मोजमापं मागितली, ती कुणी घेतली ते विचारलं, हा भाग हलतो असं तुम्ही म्हणता, की तुम्हाला तो जमला नाही, असं स्पष्ट विचारलं. हा शेवटचा प्रश्न रतिलालचा होता, शब्द तेवढे निराळे. दिपमाला उत्तरं देत राहिली. शेवटी परीक्षक म्हणाले, की मूळ नकाशे आणि दुरुस्त फिल्म आपल्याकडे पाठवावी, आपण स्वतः पडताळून पाहू आणि मगच अहवालावर सही करू. ज्ञानेश्वर सर मान खाली घालून बसले होते. शाली आणि पेढे पिशवीतच राहिले.

धुळ्याच्या एसटीत कुंदाबाई खिडकीशी बसली, मध्ये पिशवी, पलीकडे रतिलाल. दिपमाला पुढच्या बाकावर एकटी. पारोळा गेलं तेव्हा ती मागे वळली. एरवी ती घरातसुद्धा शहरातलं बोले. आता मात्र निव्वळ गावचं बोलली.

"नाना, मी खोटं करस असं वाटनं का तुमले?"

रतिलालच्या तोंडात बरंच काही होतं. तुला सांभाळत होतो, हे होतं. कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं, हे होतं. त्यातलं एकही बाहेर येईना, कारण मुलीने विचारलं होतं त्याचं खरं उत्तर एकाच शब्दाचं होतं आणि तो शब्द "हो" असा होता. कुंदाबाई म्हणाली, "आते घर येऊ दे." दिपमाला पुढे वळून बसली आणि धुळे येईपर्यंत तिने मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली. रतिलालने खुर्ची पुसून दिली. या वेळी तो म्हणाला, "तो भाग कसा दिसत नही, ते माले नीट सांग." एवढ्या वर्षांत त्याने माणसांना प्रश्न कमी विचारले नव्हते, पण ते सगळे पकडण्यासाठी, ऐकण्यासाठी एकही नाही. दिपमालाने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणाली, "अंधाऱ्या मांडवात फोटो काढताना कुणी पोर पळालं तर फोटोत काय येतं?"

"पुसट पट्टा. पार जोरात पळनं तर काहीच येत नही."

"मग पोर नव्हतं का?"

रतिलालने डोळे मिटले. असले फोटो त्याने ढिगांनी फेकले होते. त्याला हे पहिल्या दिवशी कळलं असतं. त्याने विचारायचा अवकाश होता, आणि विचारून गप्प बसायचा. "चुकनं मनं, बेटा," तो म्हणाला. दिपमालाने मान हलवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, म्हणून त्याला जास्त लागलं.

त्याने तो घुसवलेला थांबा काढून मूळचा परत ठेवला. टोकाच्या कडीपुढचा चोरटा थांबाही काढला. आता कॅमेरा लांबून आला, खोबणीत उतरला, वर येता येता मंद झाला आणि तुटक रेघेपुढे येऊन उभा राहिला. टोपी-टॉवेलाच्या वेळी सोयऱ्यांतल्या सगळ्यात मोठ्या माणसापुढे रतिलाल जितका थांबत असे, तितका तिथे थांबला. त्याने फिल्म चालवून दाखवली आणि मुलीच्या तोंडाकडे पाहिलं.

फिल्म चांगली झाली होती. दिपमाला तसं म्हणाली. मग तिने त्याच्या हातातून माउस घेतला, फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली, आणि दर थोड्या वेळाने थांबवून मॉडेल हाताने फिरवत त्याची मागची बाजू बघू लागली. एकेक वळण. कॅमेरा कुठून निघाला, कुठून गेला, वाटेत काय राहिलं. अगदी डोळ्यांत तेल घालून. बाप शेजारी बसून बघत होता. ही नजर त्याच्या ओळखीची होती. ती त्याचीच होती.

पुढे सगळं रीतसर झालं. परीक्षकांनी पडताळणी केली, सही केली, कौतुकाचे दोन शब्दही लिहिले. गल्लीत पेढे वाटले, चिंधाआबांना दोंडाईच्याला पेढे पोचवले. दिपमाला आता जळगावातल्या एका कॉलेजात शिकवते आणि विद्यार्थ्यांना दाखवायला अशा फिल्म तिला वरचेवर लागतात. त्या ती बापाकडूनच करून घेते, दुसऱ्या कुणाकडे जात नाही. सुट्टीला येते, नाना कसे आहात विचारते, चहा पिते. फिल्म तयार असते. ती काही मागत नाही, काही बोलतही नाही, पण रतिलाल आपणहून खुर्चीवरून उठतो आणि माउस तिच्यापुढे सरकवतो. "दखी ले," म्हणतो, आणि ती शेवटपर्यंत बघून होईतो उभा राहतो.